पावसाळ्यानंतर जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे ब्रेक धरून बसतात? चाकं उघडण्याआधी पायाखालचं मास्टर सिलिंडर तपासा

लक्षणं

गाडी सकाळी व्यवस्थित सुटते. पहिले काही किलोमीटर काहीच जाणवत नाही. मग हळूहळू ओढायला जड होते, टॉप गिअरला दम टाकते, अ‍ॅक्सिलरेटर नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागतो. हलक्या उतारावर न्यूट्रल केली तर घरंगळायच्या ऐवजी जागीच थांबते. ब्रेकचं पेडल वरवर येत जातं, टणक होतं, नुसता पाय टेकवला तरी ब्रेक लागतो. चाकांपाशी जळकट वास. अर्धा-पाऊण तास गाडी उभी केली की सगळं पुन्हा ठीक, आणि थोडं अंतर गेलं की परत तेच.

हे या आजाराचं मुख्य रूप. आणखी दोन रूपं दिसतात. गणपतीच्या आधी ताडपत्री काढली, सेल मारला, इंजिन सुरू झालं, पण क्लच सोडला तरी गाडी हलेना. जरा जोर दिल्यावर एका चाकातून 'कट्ट' असा आवाज येऊन सुटली. किंवा ब्रेक मारला की गाडी एकाच बाजूला खेचते आणि घरी येऊन बघावं तर एकच चाक तापलेलं.

चौथं एक लक्षण आहे, पण त्याची जात वेगळी. पेडल मऊ लागतं, दाबून धरलं तर पायाखाली सावकाश खाली बसत जातं. तुमच्या गाडीत हे होत असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटचा भाग वाचा आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.

हे कोणत्या गाड्यांबद्दल आहे

मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडर, ज्यांची पेडलं मजल्यातून वर येतात. यांचं मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑईल चाकांकडे ढकलणारा पंप, बॉनेटखाली नसतं. ते ड्रायव्हरच्या पायाखाली, मजल्याच्या पत्र्याच्या खालच्या अंगाला असतं. ब्रेक ऑईलची पातळी बघायची तर मॅट उचलून पत्र्यातलं झाकण काढावं लागतं, तेव्हा कुठे टाकीचं बूच दिसतं. नंतरच्या काळातल्या, वरून लोंबणाऱ्या पेडलांच्या गाड्यांची मांडणी वेगळी आहे. प्रीमियर पद्मिनीलाही चारही चाकांना ड्रम ब्रेकच (चाकाबरोबर फिरणारा लोखंडी ड्रम आणि त्याला आतून दाबून थांबवणारे कमानीसारखे 'शू') असल्यामुळे दाब कुठे अडकलाय हे शोधायची खालची पद्धत तिलाही लागू पडते, फक्त भागांच्या जागा बदलतात.

आता आजार दर वर्षी परत का येतो ते सांगतो. चाक काढणं सोपं. ड्रम उघडला की व्हील सिलिंडर, म्हणजे शूंना ड्रमवर ढकलणारं चाकातलं छोटं सिलिंडर, डोळ्यांसमोर येतं. म्हणून गॅरेजमध्ये पहिला हात तिथेच जातो, रबरांचं किट बदललं जातं, एअर (पाइपात अडकलेली हवा) काढली जाते, गाडी महिनाभर बरी चालते. मास्टर सिलिंडरपर्यंत पोचायला गाडीखाली झोपावं लागतं, गंजलेले बोल्ट सोडवावे लागतात, डोळ्यांत लाल माती पडते. म्हणून तिकडे कोणी जात नाही. रत्नागिरी-संगमेश्वर पट्ट्यातल्या या गाड्यांचं हे काम मी वर्षानुवर्षं करतोय. चारही चाकं धरत असतील तर दोष बहुतेक वेळा पायाखालीच सापडतो. तेव्हा एकही सुटा भाग विकत घेण्याआधी दाब नेमका कुठे अडकलाय ते शोधा. त्याला पैसे लागत नाहीत.

आत काय होतं

पेडल सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधला पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे. तो मागे आला की त्याच्या रबरासमोरचं एक बारीक भोक उघडं पडतं. टाचणीच्या टोकाएवढं असेल, पण सगळा खेळ त्या भोकाचा आहे. ब्रेक वापरून तापलं की पाइपातलं ऑईल फुगतं, आणि ते जास्तीचं ऑईल या भोकातून टाकीत परत जातं. पिस्टन जरासा पुढेच राहिला किंवा भोकात घाण बसली, तर ऑईलला परतीची वाट उरत नाही. मग ते शूंना ड्रमवर दाबत राहतं, त्यामुळे चाक आणखी तापतं, ऑईल आणखी फुगतं. सकाळी गार गाडी ठीक चालते आणि दहा किलोमीटरवर अडकते, ती यामुळे. उभी राहून गार झाली की ऑईल आकसतं आणि चाकं मोकळी होतात.

कोकणात हे जास्त होतं याची कारणं इथल्या हवेत आहेत. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, समुद्राकडून येणारा खारा वारा, आणि चपलांबरोबर गाडीत येणारी जांभ्याची लाल माती. ओल्या मॅटखाली ते पाणी मुरत राहतं. पत्र्यातल्या झाकणाचं रबर गेलेलं असलं तर ते थेट मास्टर सिलिंडरच्या बुचावर ठिबकतं. शिवाय डॉट ३ आणि डॉट ४ जातीचं ब्रेक ऑईल स्वतःच हवेतली ओल शोषून घेतं. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस धरलेला आहे. पाणी मुरलेल्याचा १४० पर्यंत खाली येतो. हेच पाणी सिलिंडर आतून गंजवतं.

फुकटातल्या तपासण्या

पहिली तपासणी मॅटची. खरंच. मूळ मॅटवर नवी रबरी मॅट, तिच्यावर काथ्याचं पायपुसणं, असे थर मी काढलेत. पेडलाच्या दांड्याला त्यांची कड अडकते आणि पेडल पूर्ण वर येत नाही. पिस्टन पुढेच राहायला एवढं पुरतं. सगळं काढून गाडी त्याच रस्त्यावर चालवून बघा.

मग पेडल हाताने दाबून सोडा. झटक्यात वर येतं का? शेवटचा बोटभर भाग आळसावल्यासारखा येत असेल तर पेडल ज्या दांड्यावर फिरतं तो गंजलाय किंवा परतीची स्प्रिंग सैल पडलीय. हा दांडा मजल्याखाली, चिखलाच्या थेट माऱ्यात असतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पेडल वरखाली करत ग्रीस भरा. स्प्रिंग ताणलेली दिसली तर नवी घाला, तिची किंमत किरकोळ असते.

आता पेडलाचा प्ले. दोन बोटांनी पेडल अगदी हलकं ढकला. सुरुवातीला काही मिलिमीटर ते सैल, बिनविरोध हललं पाहिजे, मग पिस्टनला टेकल्याचं जाणवलं पाहिजे. हा प्ले म्हणजे पुशरॉड (पेडलाला जोडलेला, पिस्टनला ढकलणारा दांडा) आणि पिस्टन यांच्यामधली फट. प्रत्यक्षात ती मिलिमीटरपेक्षाही कमी असते, पेडलाच्या टोकाशी ती मोठी होऊन जाणवते. प्ले शून्य असेल तर पुशरॉड पिस्टनला कायम थोडा ढकलून ठेवतोय आणि ते बारीक भोक झाकलेलंच आहे.

या एका तपासणीवर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. गुहागरकडचे एक डॉक्टर वडिलांची गाडी जपून वापरतात. दर वर्षी गणपतीनंतर चारही चाकं धरायची, दर वर्षी व्हील सिलिंडरची किटं बदलली जायची. माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, "काका, आता नवीन सिलिंडरच टाका, एकदाचं संपू दे." पेडल दाबून बघितलं तर प्ले अजिबात नव्हता. कधीतरी पेडल खाली जातंय अशी तक्रार त्यांनी केली होती आणि कुणीतरी पुशरॉडची लांबी पक्की धरणारा लॉकनट सोडून रॉड लांब करून दिला होता. पेडल वर आलं, ते खूश झाले, आणि त्याच दिवसापासून ब्रेक धरायला लागले. रॉड योग्य लांबीला आणला, चाकांचे शू नीट अ‍ॅडजस्ट केले. एकही नवा भाग लागला नाही. लक्षात ठेवा, पेडल खाली जात असेल तर ते चाकाशी, शू जवळ घेऊन वर आणायचं असतं. पुशरॉड लांब करून कधीही नाही. काही गाड्यांत लॉकनट नसतो, पण दुसऱ्याच कुठल्या गाडीचा लांब रॉड बसवलेला असतो, निकाल तोच.

चौथी गोष्ट हँडब्रेक. मागचीच चाकं धरत असतील तर लिव्हर पूर्ण खाली करून गाडीखालची केबल हाताने हलवून बघा. ती सैल लागली पाहिजे. खाऱ्या हवेत केबल आवरणात गंजते आणि लिव्हर सोडला तरी ताणलेलीच राहते. पावसाळ्यात उभ्या गाडीला हँडब्रेक लावून ठेवूच नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर लावा. महिनोन् महिने ड्रमला दाबून राहिलेला ओला शू तिथेच चिकटतो, आणि वर सांगितलेला 'कट्ट' आवाज त्याचा असतो.

ऑईल बघणं

आता मॅट उचला आणि पत्र्यातलं झाकण काढा. बूच उघडण्याआधी भोवतालची माती ओल्या फडक्याने पुसून घ्या, मग कोरड्या फडक्याने. इथली लाल माती फार बारीक असते, बुचाबरोबर चिमूटभर आत पडली तरी ती थेट त्या भोकाशी जाऊन बसते. बुचालाही हवा जायला एक बारीक छिद्र असतं, तेही मातीने बुजलेलं असू शकतं. तारेने मोकळं करा.

ऑईल चहासारखं काळपट दिसत असेल तर ते बदलायचंच आहे. पण रंगापेक्षा मोठा धोका आहे चुकीच्या ऑईलचा. तोंड लहान, जागा अंधारी, त्यामुळे कुणीतरी कधीतरी इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल ओतलेलं असतं. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या जुन्या काचेच्या पेल्यात होते (तो पेला नंतर पिण्यासाठी वापरू नका). पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, टाकीतल्या ऑईलचे आठ-दहा थेंब ड्रॉपरने टाका आणि ढवळा. खरं डॉट ३ किंवा ४ पाण्यात पूर्ण मिसळून जातं. वर तवंग तरंगला, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले, तर खनिज तेल मिसळलंय. अशा वेळी सिस्टीममधली सगळी रबरं फुगलेली असतात: मास्टरची, चारही चाकांची, होस पाइपांची (चाकांकडे जाणाऱ्या लवचिक रबरी पाइपांची) सुद्धा. नुसतं ऑईल बदलून भागत नाही. सगळी रबरं आणि होस बदलून पाइप धुवावे लागतात. हे निघालं तर इथेच थांबा आणि काम जाणत्या मेकॅनिककडे द्या.

पेला स्वच्छ निघाला तर ते भोक उघडं आहे का ते बघू. दार उघडं ठेवून टाकीत टॉर्च मारा, डोळ्यांना चष्मा हवाच. दुसऱ्याने पेडल हाताने, अगदी सावकाश, थोडंसंच दाबायचं. भोक मोकळं असेल तर दाबायच्या पहिल्या क्षणी ऑईलच्या पृष्ठभागावर एक छोटी उसळी दिसते, जसं काही खालून कुणी फुंकर मारली. कारण रबर भोकावरून सरकायच्या आधी चिमूटभर ऑईल त्यातून वर फेकलं जातं. एकदा बघितलीत की ती उसळी तुम्ही विसरणार नाही. प्ले असूनही उसळी येत नसेल तर भोक बुजलंय किंवा पिस्टन आतच अडकून राहिलाय. टाकीच्या तोंडाशी जाळी असेल तर हे नीट दिसत नाही. मग पुढच्या परीक्षेवर जा.

दाब कुठे अडकलाय

ही सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. गाडी ज्या अंतरावर धरते तेवढी चालवा, पण घराजवळच्या सपाट रस्त्यावर. गार गाडीवर यातलं काहीच कळणार नाही.

गाडी सपाट, टणक जागी उभी करा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पाचरी लावा, हँडब्रेक सोडा. तापलेलं चाक जॅकवर घ्या आणि खाली लोखंडी स्टँड द्या. कोकणात जांभ्याचे चिरे रचून त्यावर गाडी ठेवायची सवय आहे. कृपा करून ते करू नका. चिरा वरून भक्कम दिसतो, पण पावसात भिजलेला चिरा एका कडेवर भार आला की फुटतो, आणि तेव्हा त्याखाली तुम्ही असता. ड्रमला हात लावू नका. पाण्याचा थेंब टाकून बघा, चर्रकन उडाला तर चाक चांगलंच तापलंय.

चाक हाताने फिरवून बघा. जड आहे? आता बॅकप्लेटमागच्या (शू ज्यावर बसतात त्या न फिरणाऱ्या पत्र्यामागच्या) निपलवर, म्हणजे ऑईल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या तोटीवर, पारदर्शक नळी चढवा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल पाव फेरा उघडा. पाना इंचीच हवा. मिलिमीटरचा जवळपास बसणारा पाना लावलात की गंजलेल्या निपलचे कोपरे गेलेच. आदल्या दोन दिवसांपासून निपलवर गंजाचा स्प्रे मारत राहा. तरीही सुटत नसेल तर जोर करू नका, तुटलेला निपल म्हणजे नवं व्हील सिलिंडर.

निपल उघडताच ऑईलची पिचकारी आली आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकलेला होता. काहीच फरक पडला नाही, चाक जडच राहिलं, तर दोष त्या चाकाच्या आत आहे: शू, स्प्रिंग, गंजलेला पिस्टन, जास्त घट्ट केलेला (शू ड्रमच्या जवळ-लांब करणारा) अ‍ॅडजस्टर किंवा मागे असेल तर हँडब्रेक. या दोन निकालांनी तुमचं निम्मं काम झालं.

दाब अडकलाय असं ठरल्यावर किती चाकं धरतायत ते बघा. चारही, तर मास्टर सिलिंडर. पुढचं एकच, तर त्या चाकाचा होस पाइप. मागची दोन्ही, तर मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा होस, कारण तो सहसा दोघांना मिळून एकच असतो. होसचा दोष बाहेरून दिसत नाही. आतलं रबर फुगून वाट अरुंद झालेली असते. पायाच्या जोराने ऑईल पुढे जातं, पण स्प्रिंगच्या बेताच्या जोराने परत येऊ शकत नाही. खात्री हवी असेल तर लोखंडी पाइप होसला जिथे मिळतो तो जोड दोन पाने लावून किंचित सैल करा. तिथे चाक सुटलं तर दोष वर, मास्टरकडे. तिथे सुटलं नाही पण निपलने सुटतं, तर होसच. होस जोडीने बदला. एक गेला असेल तर त्याच्याच वयाचा दुसरा जास्त दिवस टिकत नाही.

परीक्षेनंतर निपल घट्ट करा, टाकी भरा, पेडल टणक लागतंय ना ते बघा, आणि मगच गाडी हलवा. चाक सायकलीसारखं गरगर फिरलं नाही, किंचित घासलं, तर ते बरोबर आहे.

चाक उघडायची वेळ आली तर

आधी अ‍ॅडजस्टर सैल करा, नाहीतर ड्रम निघणार नाही. पुढच्या चाकात दोन्ही शूंना वेगळे अ‍ॅडजस्टर असतात, एकच फिरवून थांबू नका. ड्रम कडेकडेने लाकडी हातोडीने ठोकत सोडवा. आतली भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. शूंवरच्या जुन्या लायनरमध्ये (घासणाऱ्या पट्टीत) ॲस्बेस्टॉस असतं, ते फुफ्फुसात गेलं तर बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड हलकेच उचला. ओलं निघालं तर गळतंय. कोरडं, पण लाल आणि पांढरी पूड एकत्र दिसली, तर बिडाचं सिलिंडर आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन दोन्ही गंजायला लागलेत, आणि पिस्टन परत जाताना अडतोय. मागच्या चाकात आणखी एक जागा बघायची राहते. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागचं सिलिंडर बॅकप्लेटच्या खाचेत सरकायला हवं. खाच गंजली की ते जागीच अडतं आणि एकच शू सगळं काम करतो. खाच ब्रशने साफ करून ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी पातळ लावा. लायनरवर गिअर ऑईल दिसलं तर अ‍ॅक्सलचं सील गेलंय. मागचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) काढायला पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लागतो, घरी हातोड्याने काढायला जाऊ नका.

मास्टर सिलिंडर खाली उतरवणं

इथपर्यंत येऊन दोष मास्टरचाच ठरला असेल आणि हाताशी स्टँड, इंची पाने, दिवसाचा उजेड आणि मदतीला माणूस असेल तरच हे करा. एकट्याने नाही.

दोन दिवस आधीपासून बोल्ट, पाइपचा जोड आणि पुशरॉडची पिन यांवर स्प्रे मारत राहा. टाकीतलं ऑईल पिचकारीने ओढून घ्या. पाइपचा जोड आधी सोडवायचा, कारण सिलिंडर अजून घट्ट बसलेलं असताना त्यावर जोर देता येतो. आधी बोल्ट काढलेत तर सिलिंडर हातात डुलतं आणि पाइप पिळला जातो. जोडाबरोबर पाइपही फिरताना दिसला तर लगेच थांबा. ब्रेक ऑईल रंग खातं, म्हणून कुठे सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

सिलिंडर बाकावर उघडा, भाग निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा. बोअर (पिस्टन ज्यात सरकतो ती आतली पोकळी) स्वच्छ पुसून आत टॉर्च मारा आणि नखाने चाचपा. नुसते डाग असतील तर पुसले जातात. नख खळग्यात अडकलं तर ते सिलिंडर संपलं. पॉलिश पेपरने घासून खळगे घालवायचा प्रयत्न करू नका, बोअर मोठा होतो आणि नवं रबरही दाब धरत नाही. अशा सिलिंडरला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतून बसवायची नळी) टाकून देणारे कारागीर आहेत, पण ते काम अचूक मशिनिंगचं आहे. ज्याने ब्रेकची सिलिंडरं याआधी केलीत त्यालाच द्या. बोअर चांगला असेल तर ते बारीक भोक इलेक्ट्रिकच्या वायरीतल्या एकाच तांब्याच्या तारेने मोकळं करा. ड्रिल अजिबात नको, भोकाची कड फाटली की ती रबर कापत राहते.

भाग धुवायला पेट्रोल, रॉकेल, डिझेल काही वापरू नका. स्पिरिट किंवा नवं ब्रेक ऑईल. नवी रबरं ब्रेक ऑईलमध्ये बुडवून, कड दाबाच्या दिशेला ठेवून बसवा. साधं ग्रीस रबराला लावायचं नाही. बसवल्यावर पहिलं काम पुन्हा तेच: पेडलाचा प्ले.

एअर काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. उजव्या हाताच्या ड्रायव्हरच्या गाडीत ते मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल सावकाश दाबायचं, निपल बंद झाल्यावरच सोडायचं, आणि दर काही वेळाने पायाखालच्या टाकीत बघायचं. ती लहान असते, पटकन रिकामी होते आणि मग सगळं पहिल्यापासून. ऑईल सीलबंद छोट्या बाटलीतलं घ्या. मागच्या पावसाळ्यात पडवीत अर्धी उरलेली बाटली फेकून द्या. इथल्या हवेत मी दर वर्षी पाऊस सरला की ऑईल बदलतो.

चाचणी गावाबाहेर सड्यावर (कातळाच्या पठारावर), मोकळ्या सपाट रस्त्यावर घ्या. तिथे गाडी तापवून प्ले आणि चाकं दोन्ही पुन्हा बघा. त्याशिवाय निवळीचा उतार नको आणि आंबा घाटाचा तर विचारही नको.

कुठे थांबायचं

या जुन्या गाड्यांत ब्रेकची लाइन एकच असते. एका जोडाला गळती लागली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, मागे उरतो तो फक्त हँडब्रेक. म्हणून पुढच्यापैकी काहीही दिसलं तर गाडी जागेवरून हलवू नका: पेडल दाबून धरल्यावर खाली बसतंय, एअर काढूनही पेडल मऊ आहे, टाकीतलं ऑईल कमी होतंय पण गळती सापडत नाही, लोखंडी पाइपवर गंजाच्या खपल्या निघतायत किंवा जोड फिरवताना पाइप पिळला गेलाय, ऑईलमध्ये खनिज तेल निघालंय, ड्रमला चीर आहे किंवा आत खोल खाचा पडल्यात, मागचा हब काढावा लागणार आहे, आणि मास्टर सिलिंडर ज्या पत्र्याला किंवा मेंबरला (गाडीखालच्या सांगाड्याच्या पट्टीला) धरलंय तोच गंजून मऊ झालाय. शेवटचं आमच्याकडे किनाऱ्यालगतच्या गावांत वरचेवर सापडतं. तिथे आधी पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम, ब्रेक नंतर.

अशी गाडी 'हळूहळू नेतो' म्हणून गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, दोरीने ओढूनही नाही. ओढून नेतानाही गाडी थांबवायला ब्रेक हवेच असतात. ती टेम्पोवर किंवा सपाट पाठीच्या गाडीवर चढवून न्या. खर्च येईल, पण कोकणात घर ते गॅरेज रस्त्यात एकतरी उतार असतोच.

मेकॅनिक निवडताना त्याला एकच प्रश्न विचारा: मजल्याखालचं मास्टर सिलिंडर त्याने कधी उतरवलंय का. मग तुम्ही केलेल्या तपासण्यांचे निकाल त्याला सांगा. किती किलोमीटरनंतर धरते, कोणती चाकं तापतात, निपल उघडल्यावर चाक सुटलं की नाही, पेडलाला प्ले किती आहे. एवढं कळलं तर जाणता माणूस चाकं उगाच उघडत बसत नाही. काढलेले भाग मात्र परत मागून घ्या आणि जुन्या सिलिंडरच्या बोअरमध्ये स्वतः टॉर्च मारून बघा. खळगे दिसले तर बदल योग्य होता. बोअर आरशासारखा स्वच्छ निघाला तर पैसे देण्याआधी तिथेच मॅट उचलून पेडलाचा प्ले पुन्हा तपासा.